तीन हात चंदेरी

फोन आला तेव्हा मी डोंबिवलीला मुलीकडे होतो. पलीकडून बाळारामभाऊंचा मुलगा सुरेश बोलत होता. "मास्तर, बाबा गेले. काल दुपारी." मग म्हणाला, "सगळं उरकलं. तुमचा तिथला नंबर सापडायला वेळ लागला." कोण गेलं, असं मुलीने विचारलं, आणि मला चटकन सांगता येईना. ते नात्यातले नव्हते, शेजारचे नव्हते, शाळेतलेही नव्हते. पनवेलबाहेर गोवा रस्त्यावर त्यांचं ट्रक-टेम्पो रंगवायचं गॅरेज होतं आणि मी गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. "ज्यांनी माझं विमान रंगवलं ते," असं शेवटी म्हणालो. एवढं साधं वाक्य दहा वर्षांपूर्वी एकदा चारचौघांत म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हटलं नाही... त्या फोनला महिना होऊन गेला आता, पण हे लिहायला बसायचं धाडस आज होतंय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मला लहानपणापासून वायुदलात जायचं होतं. चष्म्याने ते राहून गेलं आणि मी मास्तर झालो. पण विमानांचा नाद सुटला नाही. एका जुन्या मासिकात एका लढाऊ जेटचा आराखडा मिळाला, सगळ्या मापांसकट. दोन फुटांना एक इंच हे प्रमाण धरून मी शिवणीच्या लाकडातून ते विमान कोरायला घेतलं. लांबी सव्वा फूट. शाळा सुटल्यावर तासभर आणि रविवारची दुपार, असं जवळजवळ वर्ष गेलं. बायको म्हणायची, "एवढ्यात खरं विमान झालं असतं." शेवटी रंगाची वेळ आली. खरं विमान नुसत्या पत्र्याचं, चकचकीत चंदेरी. मी हार्डवेअरच्या दुकानातून पाइपांना लावतात तो ॲल्युमिनियम रंग आणला आणि ब्रशने लावला. वाळल्यावर बघतो तर विमान कसलं, घासून ठेवलेली कल्हईची परात वाटावी. ब्रशचा प्रत्येक फराटा दिसत होता. कुणीतरी म्हणालं, गोवा रस्त्याला बाळाराम म्हणून एक पेंटर आहे, त्याची रंग फवारायची गन बघा.

मी पिशवीतून विमान घेऊन गेलो, तेव्हा ते नाकाला पंचा बांधून एका टेम्पोच्या दारावर रंग मारत होते. काम संपवून आले, पंचा खाली ओढला. काळासावळा, बारीक अंगाचा माणूस, पापण्यांवर निळ्या रंगाची बारीक धूळ. विमान हातात घेतलं आणि डोळे मिटून त्याच्या अंगावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"मास्तर, रंग चुकला नाय तुमचा. अंग चुकलंय," ते म्हणाले. "ट्रकला खड्डा चालतंय, वर फुलं काढली की झाला. चंदेरीला नाय चालत. जितं ओरखडा, तितं उजेड अडकतंय. हे सगला काडा आनि पयल्यापासून घासा."

मला राग आला. वर्षभराचं काम होतं. पण घरी आल्यावर मीही डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं, आणि पंखाच्या कडेला, नाकाशी, शेपटीच्या सांध्यात... जिथे-तिथे बोट अडखळलं. पुढचे दोन महिने मी दर रविवारी त्यांच्या गॅरेजात बसून पुट्टी भरली आणि पाण्याच्या पॉलिश पेपरने घासलं. ते त्यांचं काम करत, मध्येच येऊन बोट फिरवत आणि "अजून" एवढंच म्हणून जात. त्यांचे वडील उरणच्या बाजूला मिठागरात राबलेले. त्या खाऱ्या वाऱ्यात घराचा पत्रा कसा वर्षा-दोन वर्षांत जाळीदार होतो, हे पाहतच ते लहानाचे मोठे झाले होते. "मना पत्रा वलखता येतंय," असं ते म्हणायचे, आणि त्यात बढाई नसायची.

हवेत दमटपणा असला की चंदेरी रंग पांढुरका पडतो, म्हणून दिवाळी होईस्तोवर थांबलो. मग एका कोरड्या सकाळी त्यांनी आधी झगझगीत काळा रंग मारला. चंदेरीच्या खाली काळा का, तर त्याशिवाय धातूला खोली येत नाही. तो पुरता वाळल्यावर चंदेरीचे तीन हात, इतके पातळ की पहिल्या हातानंतर विमानावर नुसतं धुकं धरल्यासारखं दिसत होतं. तिसरा हात वाळला आणि मी पाहतच राहिलो. लाकूड नाहीसं झालं होतं. समोर पत्रा होता.

पण ते काही खूश दिसेनात. "याचं इंजिन कुठं असतंय?" त्यांनी विचारलं. मी शेपटीकडचा भाग दाखवला. "मग तितं तापत असंल. तापलेला पत्रा येकसारका कसा राहील? आपल्या गाडीचा सायलेंसर बगा." त्यांनी चंदेरीत काळ्याचा किंचित अंश मिसळला, बाकीच्या विमानाला कागद चिकटवून झाकलं आणि शेपटीवर अगदी हलका एक हात मारला. ज्या माणसाने विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं, त्याने माझं विमान उडवून आणलं होतं.

त्याच हिवाळ्यात ठाण्याला छंदांचं प्रदर्शन होतं. मी विमान ठेवलं आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला बाळारामभाऊ गॅरेज बंद ठेवून आले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. बरोबर त्यांची बायको, लक्ष्मीवहिनी. परीक्षक विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. त्यांनी मला मंचावर थांबवून विचारलं, "हा शेपटीकडचा काळसर धातू... हे बारकावे भल्याभल्यांना सुचत नाहीत. तुम्हाला कसं सुचलं?"

मी माइकसमोर गेलो आणि उत्तर दिलं. इंजिनाच्या उष्णतेने तिथला पत्रा काळवंडतो, म्हणून मी चंदेरीत थेंबभर काळा मिसळला. त्याआधी मी काळा थर दिला, मग तीन पातळ थर दिले. प्रत्येक वाक्यात 'मी'. टाळ्या पडल्या. उतरताना पाचव्या रांगेतला पांढरा शर्ट दिसला. तेही टाळ्या वाजवत होते.

परतताना एसटीत विमानाचा खोका त्यांनी मांडीवर धरला होता. मुंब्रा गेलं, शिळफाटा गेला. तीन-चारदा मी बोलायला तोंड उघडलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता बोललो तर उगाच मोठं होईल. पनवेलच्या स्टँडवर त्यांनी खोका माझ्या हातात दिला. "सांबालून न्या, मास्तर." बस्स.

पुढचे तीन महिने मी गॅरेजकडे फिरकलो नाही. कर्नाळ्याला मुलांची सहल नेली तेव्हासुद्धा गॅरेज आलं तसा बसमध्ये मान वळवून बसलो. मग एक दिवस मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, कोणी भेटायला आलंय. फाटकाशी बाळारामभाऊ उभे.

"मास्तर, आमच्यावर रागावलात का?"

रागावायचं त्यांनी, आणि विचारत होते ते मला. मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी तुमचं नाव..."

"ते राहू द्या," त्यांनी मध्येच तोडलं. "तुमी येक चूक सांगितली तितं. थेंबभर काला नाय, थेंबाचा अर्दा. कोनी तुमचा आयकून तसा केला तं त्याचा विमान कोलशासारका होईल. तेवडा त्या सायबाला कागद लिवून कलवा. आनि रविवारी या, च्या पिऊ."

मी पत्र लिहिलं. त्यात थेंब दुरुस्त केला. नाव मात्र तेव्हाही लिहिलं नाही... का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मंचावर बोललेलं खोटं ठरेल या भीतीने असेल. रविवार मात्र परत सुरू झाले आणि दहा वर्षं चालले. आणखी चार विमानं आम्ही दोघांनी केली. हळूहळू त्यांना धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, रंगाची वाफ छातीत बसलीय. मी बाजारातून मास्क आणून दिला, तो त्यांनी दोन दिवस लावला आणि पुन्हा पंचा बांधला. शेवटचे भेटलो तेव्हा खाटेवर उशांना टेकून बसले होते. मी नव्या विमानाचा पंख नेला होता. डोळे मिटून बोट फिरवलं आणि हसून म्हणाले, "आता बोट अडत नाय, मास्तर. आता मना बोलवू नका."

डोंबिवलीहून परतल्यावर भेटायला गेलो. लक्ष्मीवहिनींना मी ती दहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगून टाकली. "मना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी घरी आले नि जेवले नाय. मी बोलले, मास्तरांनी तुमचा नाव घेतला नाय. तं माज्यावरच चिडले. बोलले, मास्तर घाबरले असतील, मानूस घाबरला का आपलाच नाव घेतंय... गावात सगल्यांना आदीच सांगून ठेवलं होतं ना, माजा विमान ठान्याच्या परदर्शनात लागलाय म्हनून. मग कोनी विचारला तं सांगायचे, हां, लागला होता."

म्हणून हे लिहितोय. त्या विमानाचा धातू, त्याची तापलेली शेपटी, सगळं बाळारामभाऊंचं होतं. मी लाकूड कोरलं होतं.

त्या दिवशी निघताना सुरेश मला गॅरेजच्या आतल्या खोलीत घेऊन गेला. गनमध्ये नवा रंग भरला की बाळारामभाऊ दाराशेजारच्या भिंतीवर एक फवारा मारून बघायचे. तीस वर्षांचे फवारे एकावर एक चढून ती भिंत बोटभर जाड झाली होती. पिवळा, ट्रकचा लाल, टेम्पोचा निळा, कुठे काय ते ओळखू येत नव्हतं. मधोमध मात्र तळहाताएवढा चंदेरी ठिपका होता, आणि त्याच्या एका कडेला जरासा काळसर. भोवतीचे सगळे रंग त्याच्यापाशी येऊन थांबले होते.

"हितं कोणाला गन मारू द्यायचे नाहीत," सुरेश म्हणाला. "मलासुद्धा नाही."

मी डोळे मिटले आणि त्यावरून बोट फिरवलं.