गार घराचं सुतक

ही फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर तेलगावात कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच.

इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून घरी आलो आणि अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे लागून नवं घर बांधायला लावलं. मातीच्या जाड भिंती, चुना फासलेलं छत, दक्षिणेला मोठी खिडकी. हिवाळ्यात ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर. अण्णांना यातलं ओ की ठो कळत नाही, पण मत सगळ्यावर. मे लागताच म्हणाले, "उद्या दुपारी घर गार राह्यलं तर तुझं खरं. न्हाई तर मी कूलर आणतो अन् तू गुमान कॉलेजात."

कॉलेजात? त्यापेक्षा मी छतावर वाळत पडलो असतो.

उजाडताच हुकूम सोडले. दारं-खिडक्या बंद. चूल पेटवायची नाही, घर तापतं. खिडकीवर बाहेरून आबांचं, माझ्या आजोबांचं, पांढरं धोतर ओलं करून टांगलं. आबांना आत फरशीवर निजवलं, पारख करायला अण्णा आतून कडी लावून शेजारी आडवे. दिवस मावळेपर्यंत कुणी कडी काढायची नाही. मी बाहेर पहाऱ्याला.

आता तुम्हीच सांगा, कायम सताड उघडं असणारं दार बंद, धूर नाही, पांढरं धोतर टांगलेलं, नव्वदीचा म्हातारा दिसेना. गावानं काय समजायचं? मला हे आज सुचतंय.

अकराच्या सुमाराला चार टोपीवाले म्हातारे येऊन अंगणात गप बसले. मागून बायका. मला वाटलं, घर बघायला आले. एरवी मला 'वाया गेलं' म्हणणारी ही माणसं. मी भाषणच ठोकलं.

"भिंत दिवसभर उष्णता पिते अन् रात्री सोडते..."

शेजारचे किसनकाका डोळे पुसत कुजबुजले, "पोरानं लई मनाला लावून घेतलंय."

त्यांच्या बायकोनं पिठलं-भाकरीची टोपली पुढं ठेवली. "खा लेकरा. आज तुमची चूल बंद हाय."

काय हे कौतुक, म्हणत मी दोन भाकरी हाणल्या.

"दार उघड बे," काका म्हणाले. "तोंड तर बघू दे."

"दिवस मावळल्यावर."

"आरं, तवर ठिवायचं व्हय? मग न्यायचं कवा?"

"कुणाला?"

तेवढ्यात काकूंनी गळा काढला, "आबा, असं कावून केलं वो?"

आतून कडी निघाली. दारात झोपमोड झालेले आबा. "कोण मेलं रे?"

काका पांढरेफटक पडले. मग दारातून आलेला गारवा त्यांच्या तोंडावर लागला. "आरं, आत लई गार हाय की." अख्खा जमाव आत. भर दुपारी दार सताड उघडं, तीस माणसं आत. माझी बॅग मनातल्या मनात भरून झाली होती.

अण्णांनी भिंतीला तळवा लावला, मान पुसली. घाम नव्हता.

"एवढी जत्रा भरली तरी गार हाय. कूलर कॅन्सल."

माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून म्हातारे रोज येतात, आता त्यांना कुणी मरायची गरज लागत नाही. अकराला कडी लावायचं काम किसनकाकांकडं. काल मला बाजारातून यायला साडेअकरा झाले. दार वाजवलं.

आतून काकांचा आवाज आला, "दिवस मावळल्यावर ये बे. घर तापतं."