तुमच्या हातानं टाका

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी नातीच्या वेण्या घालत होते. “बाई, तानाजीअण्णा गेले...” एवढंच ती बोलली. अर्धी वेणी हातातच राहिली. त्याला आता महिना होत आला.

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात अण्णा सर्व्हर सांभाळायचे. साताऱ्याकडचे, फौजेतून आलेले. बोलणं गावचं, शिस्त पलटणीतली. मी संगणक विभागाची प्रमुख. तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! चष्मा नाकाच्या टोकावर आणि नाक त्याहून वर.

एका वर्षी कामगार वाढले आणि फाटकावरचं हजेरीचं यंत्र पाळी बदलताना अडकू लागलं. बाहेर दुचाक्यांची रांग, आत आलेल्यांना उशिराचा शिक्का, आणि शिव्या खायला फाटकावर बसणारी सुनंदा. मी काही न बघताच निकाल दिला: ही पोरगी सर्व्हरवर गाणी भरून ठेवते. मालकांनी सोमवारी तिला काढायचं ठरवलं. घरात कमावणारी ती एकटी.

अण्णा म्हणाले, “आवं बाई, आदी मोजू, मग बोलू. प्रोफायलर बसवतो. मशीनचा येळ कोण खातंय ते नावानिशी कळतंय.”

प्रोफायलर सर्व्हरच्या पोटात डोकावणार, म्हणून त्याला मुख्य पासवर्ड हवा. तो फक्त माझ्याकडे. द्यायला मी काय खुळी होते? तीन दिवस ‘बघू’ म्हणत राहिले. शेवटी शनिवारी अण्णा माझ्या खुर्चीमागे आले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “मी बगत न्हाई. तुमच्या हातानं टाका.” टाकला... दुसऱ्या हाताचं झाकण धरून!

पहिल्या खेपेला नावांऐवजी नुसते आकडे आले. का? तर प्रोग्राम आटोपशीर व्हावेत म्हणून त्यांच्या तुकड्यांना दिलेली आतली नावं मीच खरवडून काढली होती. ती परत घालून प्रोग्राम नव्याने बांधले. दुपारची पाळी बदलली, रांग लागली, प्रोफायलर मोजत राहिला. अण्णांनी कागद छापला आणि घडी घालून माझ्यापुढे सरकवला. सगळ्यात वर, बाकीच्यांना कोसभर मागे टाकून, माझाच प्रोग्राम! कामगारांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा. कुणीही फाटकावर हजेरीचं कार्ड लावलं की हा पठ्ठ्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांच्या जन्मतारखा वाचत बसायचा. मालकांनी एकदा त्याचं कौतुक केलेलं, म्हणून मी त्याला कुणाचा हात लागू देत नसे.

“आता हो, अण्णा?”

“मालकांकडं चा प्यायला जायचंय न्हवं? कप रिकामा व्हायच्या आत तुमी सांगा. न्हाईतर मी सांगतो.”

तो चहा मी इतका हळू प्यायले की वर साय धरली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते, पासवर्डाच्या वेळी भिंतीकडे बघत होते तसेच. मी सांगितलं. सुनंदा राहिली... आजही त्याच कारखान्यात आहे.

त्याच आठवड्यात मी पासवर्ड कागदावर लिहिला आणि पाकीट चिकटवून अण्णांच्या हातात दिलं. तरी मी निवृत्त होईपर्यंत त्यांची हाक यायचीच, “बाई, या. तुमच्या हातानं टाका.” मला वाटायचं, हा माणूस मला अजून टोमणे मारतोय. मारत असेलही.

गेल्या आठवड्यात सुनंदाने कारखान्यातल्या त्यांच्या टेबलाचा खण आवरला आणि ते पाकीट मला आणून दिलं. डिंक जसाच्या तसा.

पासवर्ड काय होता, मला आता आठवत नाही. नात म्हणते, “फोड ना गं आजी!” मी रोज ते उजेडाकडे धरते... आणि मग भिंतीकडे तोंड करून परत कपाटात ठेवते.