तपकिरीवर लाल

आपल्या वहिनींनी केलेल्या मुखपृष्ठावरचा पांढरा मथळा लेखकमहाशयांनी छापखान्यात परस्पर फोन करून लाल करून घेतला, आणि जाता जाता स्वतःचं नाव चांगलं दुप्पट मोठं. पुस्तक छापून आलं, तेव्हा मुखपृष्ठाच्या तपकिरी रंगात मथळ्याची लाल अक्षरं पार बुडाली होती.

"तुमच्या वहिनींना रंगांची जाण राहिली नाही. पुढची कामं दुसरीकडे देतो," प्रकाशक वैतागून म्हणाले. लेखकमहाशयांनी खरं सांगायचं सोडून बशीतलं बिस्किट तोंडात घातलं. घरी येऊन त्यांनी पुस्तक वहिनींना दिलं.

वहिनींनी नेहमीप्रमाणे पुस्तक फ्रिजवर उभं केलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून डोळे बारीक करून पाहिलं. तिथून मथळा वाचता येईपर्यंत त्या कुठलंच मुखपृष्ठ हातावेगळं करत नसत.

"भावोजी, पुस्तकाला तुमचंच नाव ठेवलंत की काय?"

आता मात्र लेखकमहाशयांना राहवेना. फोनपासून बिस्किटापर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं. "तुमचं काम माझ्यामुळे जातंय, वहिनी. वाटेल ते बोला मला."

वहिनींनी पुस्तक काढून त्यांच्या हातात ठेवलं.

"मला काय सांगता, प्रकाशकांना जाऊन सांगा."