स्थळाचा व्हिडिओ दिसत नव्हता तेव्हा

मुलीला आलेल्या त्या स्थळाचे फोटो मला पहिल्यापासून खटकत होते. सगळे कमरेपर्यंतच. मुलगा आखातात नोकरीला, घर येवल्याकडचं. सुट्टी नसल्यामुळे तो बघण्याच्या कार्यक्रमाला येऊ शकत नव्हता. लग्न जमवणाऱ्या वेबसाइटवर त्याने आपला व्हिडिओ ठेवलाय, तो बघा आणि रविवारपर्यंत कळवा, असा नणंदेचा निरोप होता. स्थळ तिनेच आणलं होतं. एवढी घाई कशाला, हेही मला कळेना.

मी मुलीबरोबर पंचवटीतल्या सायबर कॅफेत गेले. पान उघडलं. नाव आलं, फोटो आले, पण व्हिडिओच्या जागी नुसता पांढरा चौकोन. पान उघडता उघडता मध्येच एक छोटी चौकट यायची आणि मुलगी पटकन बटण दाबून ती घालवायची. मला इंग्रजी वाचता येत नाही. काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, नेहमीचंच."

स्थळ आल्यापासून ती गप्प होती. हिलाच लग्न नको असेल आणि ही मुद्दाम काहीतरी बंद करत असेल, असं मनात आलं. मी परत परत पान उघडायला लावलं आणि तिच्या बोटाकडे बघत राहिले. दर वेळी चौकट, दर वेळी तेच बटण, दर वेळी पांढरा चौकोन.

परक्या माणसाशी मी सहसा बोलत नाही. पण शेवटी उठून काउंटरवरच्या बाईंना बोलावलं. त्या आल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "जावई आत अडकले की काय?" मग मुलीला विचारलं, "तू त्या प्रश्नाला नाही म्हणतेस का?"

मुलगी म्हणाली, कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी तसंच शिकवलंय. असा प्रश्न आला की डोळे झाकून नाही म्हणायचं, नाहीतर व्हायरस शिरतो.

बाईंनी समजावून सांगितलं. पान कुलूप लावलेल्या वाटेने येतं, व्हिडिओ मात्र दुसरीकडून साध्या वाटेने येतो. म्हणून मशीन विचारतं, हे सुरक्षित नाही, तरी दाखवू का? नाही म्हटलं की व्हिडिओ बाहेरच राहतो. मी मनात म्हटलं, मशीनलाच भरवसा नाही तिथे आम्ही कसा ठेवायचा? बाईंनाही थोडी धास्ती असावी. पासवर्ड वगैरे आता काही टाकू नका, असं बजावून त्यांनी हो दाबलं. मग वर एक पिवळी पट्टी आली, व्हिडिओ चालवणारा प्रोग्राम घालू का म्हणून. तो घातला, पान परत उघडलं, परत तोच प्रश्न, परत हो.

चौकोनात एक खोली दिसली. मुलगा दारातून चालत खुर्चीपर्यंत आला. डाव्या पायाने स्पष्ट लंगडत होता. बसला आणि म्हणाला, "लहानपणी पोलिओ झाला होता. फोटोत पाय दिसत नाही, म्हणून चालून दाखवलं." पुढे तो नोकरीबद्दल, घरच्यांबद्दल बोलला. माझं लक्ष नव्हतं.

मुलगी म्हणाली, "परत लाव ना." आणि परत लावल्यावर तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

कोपऱ्यावरच्या बूथवरून मी नणंदेला फोन केला. "वन्सं, पायाचं तुम्हाला माहीत होतं?"

ती म्हणाली, "होतं, वहिनी. फोटो तसे काढायला मीच सांगितलं. व्हिडिओ बघायला सांगा, हा मुलाचाच हट्ट होता; म्हटलं, तुम्हाला तो कुठे लावता येणार आहे?"

मी फोन ठेवला. वाटेत मुलीला ती काय म्हणाली ते सांगितलं. दाराशी चपला काढताना मुलगी म्हणाली, "आई, माझा होकार आहे. पण आत्याकडून निरोप नको. उद्या कॅफेत जाऊ, मी त्यालाच लिहीन."