नाव टाकणारे देवाजी काका

भंडाऱ्याच्या आमच्या पितळी भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर देवाजी काका भांड्यांवर नावं टाकायला बसत. माझ्या सासऱ्यांच्या काळापासून. नवी घागर घेतलेला एखादा गडी ऐटीत स्वतःचं नाव सांगू लागला, की काका छिन्नी खाली ठेवत. "घरी पाणी कोण भरते?" गडी गोंधळून म्हणे, "बायको." "मंग तिचं नाव सांग ना बाप्पा. तू का घागर घेऊन नळावर जाशीन?" मागे उभी असलेली बाई पदराआड हसे आणि घागरीवर तिचं नाव पडे. रेशनकार्ड सोडलं तर कित्येकींचं नाव काकांनीच काय ते लिहिलं असेल.

मला ते सूनबाई म्हणत. मी तोंडाची फटकळ. नवरा गेल्यावर दुकान अंगावर आलं आणि गिऱ्हाइकांशी रोज खटके उडू लागले. काका ओट्यावरून म्हणत, "दमानं घ्या सूनबाई. घाईत टाकलेलं अक्षर वाकडं जाते, बोलणं बी तसंच हाय." मी त्यांच्यावरही डाफरायची. पण ते एखाद दिवशी आले नाहीत की माझं कशात लक्ष लागत नसे.

मग जुनं पितळ इंटरनेटवरच्या लिलावात जाऊ लागलं. आधी एकच साइट होती आणि भाव मोडीपेक्षा जरा बरा, इतकाच. दुसरी साइट निघाली आणि दोघींत जुंपली. एकीनं कमिशन सोडलं, तर दुसरी कुरिअरचा खर्च उचलू लागली. एकीचा माणूस सकाळी फोन करून भाव सांगे, दुपारी दुसरीचा त्याच्यावर चढे. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो तिसरा काही काळ आमचा बाजार होता. किलोनं जाणारी समई दागिन्याच्या भावानं जाऊ लागली. गावोगावचे माळे रिकामे झाले. अट एकच, भांड्यावर नाव नको. दिल्ली-मुंबईच्या दिवाणखान्यात कोण्या शेवंताबाईचं नाव कशाला हवं?

तेव्हापासून काकांकडे लोक नाव घासून काढायला येऊ लागले. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेला एक पोरगा मावशीची परात घेऊन आला. काकांनी ती उलटसुलट पाहिली. "हे नाव टाकाले तुह्या मावशीनं मले पोळ्याच्या बाजारात उन्हात बसवलं होतं. अक्षर मोठं पायजे, रुबाबात दिसलं पायजे म्हणे. तिले इचारून ये."

"मावशी तं वारली."

"मंग मले कोण सांगन?"

पोरगा चिडून गेला. मीही चिडले. "काका, तुम्ही नाही घासलं तर दुसरा घासेल."

"घासू दे. ज्यानं टाकलं त्यानं घासू नाही."

काकांची एकुलती पोर वनिता, साकोलीला दिलेली. हायवे रुंद झाला त्यात जावयाचं सायकल दुरुस्तीचं दुकान गेलं. एक दिवस ती आईची घागर घेऊन आली. आई, म्हणजे काकांची भागरथा, वारून बरीच वर्षं झाली होती. जुनं ठोकीव काम, गळ्याशी वेलबुट्टी, पोटावर काकांनी टाकलेलं 'भागरथा'. दोन्ही साइटवाल्यांनी फोटो पाहिले होते. एकमेकांवर चढून त्यांनी जो भाव सांगितला, त्यात जावयाचं नवं दुकान उभं राहिलं असतं. फक्त नाव तेवढं काढा म्हणाले. वनितानं घागर ओट्याच्या कडेला ठेवली. काकांनीच घागर मांडीवर ओढून घेतली.

"काका, साऱ्या जगाला हाकललंत, आणि आता?" मी म्हटलं.

"लोकायची नावं अमानत होती, सूनबाई. हे माहं हाय. माहं मी देऊ शकतो."

दुपारभर ते घासत बसले. मला बघवेना. मी आत जाऊन उगाच समया पुसत राहिले.

घागर लिलावात लागायच्या आतच मोठ्या साइटनं धाकटीला विकत घेतलं. चढाओढ संपली तसा भाव धाडकन खाली आला. कालपर्यंत मॅडम मॅडम करणारा साइटचा माणूस फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, घागर घासलेली दिसते, असा माल आता आम्ही घेत नाही, मोडीत द्या. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वनिता रडत म्हणाली, "बाबा, आईचं नाव परत टाकून द्या."

काकांनी त्या जागेवर अंगठा दाबून पाहिला. "पितळ पातळ झालं इथं. छिन्नी मारली का भोक पडन. पाणी भर तू तिच्यात, नेऊन घरी." जावई पुढे दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागला.

दोनेक वर्षांत काकांची नजर गेली आणि वनितानं त्यांना साकोलीला नेलं. छिन्नी आमच्या दुकानातच राहिली. मी भेटायला गेले तेव्हा काकांच्या अंगात ताप होता, बोलण्यात ताळमेळ नव्हता. खाटेजवळ तीच घागर भरून ठेवलेली. काकांचा हात तिच्या पोटावरून फिरत होता, एकदा खाली, एकदा वर.

"कोणाची हाय व ही?"

"आईची, बाबा."

"मंग नाव काहून नाही?"

वनितानं माझ्याकडे पाहिलं.

काका आमचीच समजूत काढल्यासारखे म्हणाले, "राहून गेलं असन माह्याकून. लोकायची टाकता टाकता घरचंच राहून गेलं. माही छिन्नी आणजा सूनबाई. उद्या टाकून देतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी छिन्नी घेऊन गेले. वनिताच्या दारात माणसं जमली होती.