बाळंतिणींच्या डोक्यावर एक फूट काळी माती

"मॅडम, छताले पोट सुटलं जी."

"पोट म्हणजे, सिस्टर?"

"म्हणजे मधातून खाली लटकून राहिलं ना! पाणीबी ठिबकून राहिलं. तुम्ही आधी या."

फोनवर मेश्राम सिस्टर होत्या. जबलपूरला खमरियाच्या रस्त्यावरच्या एका सरकारी दवाखान्यात बाळंतिणींचा वॉर्ड त्या सांभाळायच्या. मी सरकारी खात्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर; म्हणजे इमारत किती वजन पेलेल, ते ठरवणारी बाई.

वॉर्ड एकमजली. उन्हाळ्यात स्लॅब अशी तापायची की बाया तान्ह्या लेकरांना घेऊन व्हरांड्यात फरशीवर पडायच्या. सिस्टरांनी अर्जांवर अर्ज करून ग्रीन रूफ मंजूर करून घेतलं होतं. ग्रीन रूफ म्हणजे छतावर वॉटरप्रूफिंग, त्यावर पाण्याचा निचरा करणारा थर आणि सगळ्यांत वर मातीचं पातळ पांघरूण. ऊन झाडं झेलतात, खालची स्लॅब तापत नाही. डिझाइन माझं होतं. नारळाचा भुसा, विटांचा चुरा, थोडीशी माती. सगळं मिळून चार इंच.

तीन दिवसांपासून पावसाची झड लागली होती. शिडीवरून वर गेले तर समोर हिरवंगार लॉन. पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत आत गेला. काळी माती, चांगली फूटभर. पाणी जायचे पाइप तिच्याखाली गाडलेले. काळी माती पाणी धरून ठेवते आणि भिजली की भलतीच जड होते. ती सगळी नऊ बाळंतिणींच्या डोक्यावर होती.

खाली येऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छताजवळ दोरी ताणली. मधोमध स्लॅब दोरीच्या खाली उतरली होती. बाजूला ताज्या भेगा.

"सिस्टर, वॉर्ड रिकामा करा. आत्ता."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. बाया आणि लेकरं औषधवाटपाच्या हॉलमध्ये नेली. त्या इमारतीच्या छतावर माती नव्हती.

ठेकेदार तिवारीजींना गाठलं. "भैया, चार इंच लिहिलं होतं ना?"

"मॅडम, चार इंच में लॉन नहीं लगता. साहब ने बोला, मंत्रीजी आएंगे, लॉन चाहिए."

साहेब म्हणजे आमचे एस.ई., माझे वरिष्ठ. त्यांच्या ऑफिसात गेले. टेबलावर उद्घाटनाची पत्रिका होती.

"मॅडम, परसों प्रोग्राम है. उसके बाद उतार लेंगे."

"सर, स्लॅब परवापर्यंत थांबेल याची खात्री नाही."

"ग्रीन रूफ आपको ही चाहिए था. अब आप ही डरा रही हैं. कुछ नहीं होगा."

डोकं सणकलं. ओरडले असते, पण खात्यात एवढी वर्षं काढली होती. एक कोरा कागद घेतला. हिंदीत एक ओळ लिहिली: छत सुरक्षित आहे, वॉर्ड वापरावा. कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"सर, सही करून द्या. मी जाते."

त्यांनी वाचलं. पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

"चलो, उतरवा दीजिए."

आधी खालून लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले. मग मजुरांनी मधल्या भागापासून घमेल्याघमेल्यानं माती उतरवली. भर पावसात, दोन दिवस. स्लॅब बरीच वर आली. भेगा भरून घेतल्या.

प्रोग्राम झालाच. तेच लॉन दवाखान्यासमोर जमिनीवर अंथरलं. मंत्रीजींनी फीत कापली. बोर्डावर 'ग्रीन रूफ' तसंच होतं. कोणी विचारलं नाही.

खरा संताप त्यानंतर आला. फाइल माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्यावर शेरा होता: 'प्रयोग असफल'. ग्रीन रूफ अजून झालंच नव्हतं आणि नापास मात्र झालं होतं!

"काहून असफल?" सिस्टर कडाडल्या. "केलंच कुठं यांनी?"

पुन्हा अर्ज. पुन्हा फाइल. ती मंजूर होईतो बाळंतिणींचा आणखी एक उन्हाळा व्हरांड्यात गेला. हिवाळ्यात मी स्वतः छतावर फूटपट्टी घेऊन उभी राहिले. चार इंच भरलं की काम बंद. त्यात ऑफिस टाइमची फुलझाडं आणि घोळीची भाजी लावली. दिसायला काही खास नाही. फोटो काढायला कोणी आलं नाही.

पुढच्या मे महिन्यात भर दुपारी वॉर्डात गेले. व्हरांडा रिकामा होता. आत सगळ्या बाया गाढ झोपलेल्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं.

छतावर माती टाकायची असेल तर तिचं वजन ओली असतानाचं धरा. आणि कोणी 'कुछ नहीं होगा' म्हणालं, तर आधी खालची माणसं बाहेर काढा. वाद नंतर घालता येतो.