तिन्ही चुलींच्या वर

अंबड गावठाणात लंकाबाईंच्या तीन मुलांच्या चुली वेगळ्या झाल्या, तेव्हा भांडण बघायला गेलेले आम्ही शेजारी हात हलवत परतलो. म्हातारीनं भांडी वाटली आणि सांगितलं, "आपापल्या सैपाकघरात काय नियम करायचे ते करा. माझा एकच नियम तिन्ही चुलींच्या वर राहील. शिकायला नायतर कामाला निघालेल्या माणसाला दारात अडवायचं नाय."

तरुणपणी अंगणवाडीत मदतनीस म्हणून निघालेल्या लंकाबाईंना सासूनं या घराच्या दारातूनच परत फिरवलं होतं. सत्तरी ओलांडली तरी त्यांचा तो राग गेलेला नाही, आणि जाऊही नये.

तर थोरल्याकडे अंडं चालत नाही, मधल्याकडे जेवताना टीव्ही चालत नाही, धाकट्या महेशकडे सगळंच चालतं. थोरल्याची तेजस्विनी वकिली शिकते. परीक्षेआधी ती ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत होती. राज्यांनी आपापले कायदे करावेत, पण एखादा कायदा राज्यघटनेच्या विरोधात गेला तर तो टिकत नाही.

"म्हंजी आमच्या घरासारखंच हाय की," लंकाबाई म्हणाल्या. मग ही गोष्ट त्यांनी गल्लीभर ऐकवली. मला तर दोनदा.

पुढच्याच आठवड्यात महेशच्या बायकोला, निकिताला, कारखान्यात नोकरी लागली. दुसरी पाळी, म्हणजे दुपारी निघायचं आणि रात्री उशिरा परतायचं. पहिल्या दिवशी ती डबा घेऊन निघाली, तर लंकाबाई दारात ठाण मांडून बसलेल्या.

"एवढ्या रातच्याला बाईमाणसानं घरी यायचं? नाय जमायचं."

महेश खाली मान घालून उभा. निकिताचे डोळे भरले. कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती.

ओट्यावरच्या तेजस्विनीनं पुस्तक मिटलं. "आजी, तुझा नियम तिन्ही चुलींच्या वर ना? मग तू त्याच्या वर की खाली?"

लंकाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ओट्याशी उभा असलेला मीच मागे सरलो. मग त्यांची नजर खाली, स्वतःच्या बैठकीकडे गेली.

"माझी सासू बी हितंच बसली व्हती," त्या हळूच म्हणाल्या. आणि एकदम हसू फुटलं त्यांना. "खालीच की गं मी. समद्यांसारखी."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि बाजूला झाल्या. निकिता जी पळाली ती थेट बसपाशी. मला इतका आनंद झाला की मी उगाचच महेशच्या पाठीत धपाटा घातला.

लंकाबाई मात्र नातीकडे वळल्या होत्या. "रातच्याला तिला आणाया कोपऱ्यावर मी जाणार हाय. त्येला तर तुझी घटना आडवी येत नाय ना?"